कर्णिकांच्या शोकेसमधला गुलाबी भुसा

"मॅडम, बॅटला इंजेक्शन दिलं तर सह्या पुसल्या जातील का?"

पेस्ट कंट्रोलच्या धंद्यात मला बावीस वर्षं झाली. औषध मांजराला चालेल का, बाळाला चालेल का, सासूबाईंना दमा आहे, त्यांना चालेल का, असं सगळं मला विचारून झालंय. बॅटवरच्या सह्यांची काळजी करणारे कर्णिक काका पहिलेच. मी गुडघ्यांवर बसून टॉर्चच्या उजेडात त्यांच्या शोकेसची खालची फळी बघत होते. फळीवर चिमूटभर पूड पडली होती. काका माझ्या मागे उभे होते, ऑपरेशन थिएटरबाहेर नातेवाईक उभे असतात तसे.

"पुसल्या जातील," मी म्हटलं.

काका खुर्चीत बसले.

आमच्या भाषेत या किड्याला बोरर म्हणतात. हा लाकूड आतल्या आत खातो आणि भुसा बारीक भोकातून बाहेर ढकलतो. त्यामुळे किडा दिसत नाही, भुसा दिसतो. ट्रीटमेंट सोपी असते. भोकात सिरिंजने औषध सोडायचं आणि वरून तेलकट औषधाचा हात फिरवायचा. पलंगाला, कपाटाला हे चालतं. पेनाने केलेल्या बारा सह्यांवर असा हात फिरवला की मागे उरते ती नुसती बॅट.

नौपाड्यातली कर्णिकांची बिल्डिंग रिडेव्हलपमेंटला निघाली होती. दहा दिवसांत घर रिकामं करून कोपरीला भाड्याच्या जागेत जायचं होतं. सामान बांधताना काकूंना ही पूड दिसली आणि त्यांनी हुकूम काढला की किडा असलेली एकही वस्तू नव्या जागेत येणार नाही. त्यांच्या माहेरचा सागवानी देव्हारा त्याच ट्रकमधून जायचा होता, आणि त्याला काही झालेलं त्यांना चालणार नव्हतं. पेस्ट कंट्रोलचा रिपोर्ट क्लिअर आला तर शोकेस ट्रकमध्ये, नाहीतर भंगारवाल्याकडे. आम्हाला फोन काकूंनीच केला होता.

"बघ गं नीट," त्या मला म्हणाल्या. "चाळीस वर्षांची अडगळ आहे. एकदाचा निकाल लाव."

इन्स्पेक्शनला एरवी वीस मिनिटं लागतात. इथे अडीच तास लागले, कारण काका प्रत्येक वस्तू हातात देण्यापूर्वी तिचा इतिहास सांगत. मॅचच्या तिकिटांचे अर्धे तुकडे. काकांनी स्वतः पेन्सिलने लिहिलेली स्कोअरबुकं. शिवण उसवलेला एक लाल बॉल, जो म्हणे सीमारेषेपलीकडे थेट काकांच्या डब्यात पडला होता. डब्यात त्या दिवशी वालाची उसळ होती, हेही मला कळलं. स्वतःचे कॉलेजातले पॅड आणि ग्लोव्ह. आणि च्युइंगमच्या पाकिटात मिळणाऱ्या क्रिकेटपटूंच्या चित्रांचा आल्बम. चाळीस कार्डांचा सेट, त्यात सत्ताविसावं कार्ड काही केल्या मिळेना. काका शाळेत असल्यापासून ते शोधत होते आणि ते मिळालं तेव्हा त्यांचा मुलगा दहावीला होता. कल्याणच्या एका कांद्याच्या व्यापाऱ्याकडे ते निघालं. हा माणूसही जमवणारा. दोघं कांद्याच्या गोणींवर बसून दुपारभर घासाघीस करत होते. चार कार्डं देऊन एक घेतलं.

"चार देऊन एक?" मी विचारलं.

"ती चार माझ्याकडे डबल होती," काका म्हणाले. "पण त्याला वाटलं त्यानेच मला गंडवलं. दोघंही खूश होऊन उठलो. असा व्यवहार आयुष्यात पुन्हा झाला नाही."

"च्युइंगम चघळून दोन दाढा गेल्या, ते सांगितलं का?" काकू आतून म्हणाल्या.

खरं सांगायचं तर मला काकांचा हेवा वाटत होता. मी झूलॉजीची पदवी घेतली ती फुलपाखरांच्या नादाने. कॉलेजात असताना मीही खोक्यांमध्ये किडे टाचून जमवायचे. लग्नात ती खोकी माहेरीच राहिली आणि आईने दिवाळीच्या साफसफाईत ती टाकून दिली. आता मी तेच किडे मारून पगार घेते. त्यामुळे सत्ताविसावं कार्ड काका नुसतं कडांना धरून का दाखवतात, ते मला समजत होतं.

सगळ्यात मोलाची अर्थात बॅट. एका पाहुण्या संघाच्या हॉटेलबाहेर काका तीन तास उभे होते, तेव्हा मिळालेल्या बारा सह्या. अकरा खेळाडू आणि एक राखीव. अकरा सह्या म्हणजे कोंबडीने पाय आपटल्यासारख्या. बाराव्याची मात्र वाचता येते. "त्याला घाई नव्हती ना," काका म्हणाले. सह्यांना हाताचा घाम लागू नये म्हणून बॅट एका लाकडी स्टँडला स्क्रूने पक्की बसवली होती, तोंड काचेकडे, पाठ भिंतीकडे. तिच्या खाली पॅड उभे केलेले. पूड तिथेच पडली होती. बॅटच्या खांद्यापाशी दोन बारीक भोकं दिसत होती. मला आणखी काय पाहिजे?

मी ऑफिसला फोन लावला. आमचे मॅनेजर गद्रे सर. त्यांना किड्यांपेक्षा महिनाअखेर जास्त छळते.

"सर, बोरर वाटतोय. पण ट्रीटमेंट केली तर वस्तू खराब होईल."

"मग डिस्पोजल लिही. क्लायंटने सही केली की साइट क्लोज."

"क्लायंट दोन आहेत, सर. एक सही करेल, दुसरा रडेल."

"जो सही करेल त्याच्याकडून घे," सर म्हणाले आणि त्यांनी फोन ठेवला.

मी रिपोर्टचं पॅड काढलं. काका खिडकीबाहेर बघू लागले. त्यांनी हुज्जत घातली असती तर मला सोपं गेलं असतं. ते नुसते म्हणाले, "आल्बम तरी राहील ना?"

माझ्याबरोबर आमचे टेक्निशियन भोईर होते. कल्याणकडच्या गावचे, पन्नाशी उलटलेले, घरी अजून भातशेती करणारे. एव्हाना त्यांनी फळीवरची पूड बोटावर घेऊन खिडकीशी नेली होती.

"मॅडम, भुसा गुलाबी हाय."

"बॉलचा रंग असेल," काका म्हणाले. मलाही ते पटलं. लाल बॉल शेजारीच होता.

भोईरांनी मान हलवली. फळीच्या कोपऱ्यातून त्यांनी एक मेलेला किडा उचलून माझ्या तळहातावर ठेवला. तपकिरी, तांदळाच्या कणीएवढा, पुढे लांब सोंड.

"यो लाकराचा किरा नाय. आमचे घरान भाताचे कनगीन असाच निंगतो."

मी भिंग काढलं. सोंड्या. धान्यातला किडा. पदवीच्या पहिल्या वर्षाला शिकवतात. लाकूड खायला सांगितलं तरी तो खाणार नाही. बॅटवरच्या भोकांत मी टाचणी घालून बघितली, तेव्हा काकांना आठवलं की पूर्वी बॅट भिंतीवर खिळे ठोकून टांगली होती. बावीस वर्षांच्या अनुभवाच्या जोरावर मी एक निरोगी बॅट भंगारात काढायला निघाले होते. भोईरांनी माझ्याकडे न बघता टाचणी पुसून परत दिली. ते सभ्य गृहस्थ आहेत.

पण मग धान्य कुठे होतं? भोईरांनी पॅड उचलून वर्तमानपत्रावर उलटे झटकले. पॅडच्या उभ्या कप्प्यांमधून भुरभुर तांदूळ पडले. पोखरलेले, काही नुसती टरफलं राहिलेले, आणि सगळे लालसर.

काका वाकून बघत राहिले. ते वागळे इस्टेटच्या एका फॅक्टरीत क्वालिटी कंट्रोलला होते. रिटायर झाले तरी सवय जात नाही. "रूट कॉज काय?" त्यांनी विचारलं.

"उंदीर," काकू दारातून पटकन म्हणाल्या. "उंदरानेच आणले असणार. दुसरं काय?"

"कुंकू लावून?" काका म्हणाले.

काकूंनी मला चहाच्या निमित्ताने स्वयंपाकघरात बोलावलं. गॅस पेटवलाच नाही.

"अगं, उंदीर लिही ना. काय बिघडतं?"

"काकू, उंदीर लिहिला तर पॅड, स्कोअरबुकं, आल्बम, सगळं बाहेर. उंदराचं मूत लागलेलं सामान मी ट्रकमध्ये चढवू देऊ शकत नाही. नियम आहे."

काकू ओट्याला टेकल्या. मग त्यांनी पदर सारून कमरेचा किल्ल्यांचा जुडगा दाखवला. त्यात एक छोटी पितळी किल्ली होती, शोकेसची. खरी किल्ली काकांच्या खिशात असते. ही डुप्लिकेट.

"खंडेनवमीला यांच्या फॅक्टरीत मशीनची पूजा असते," त्या म्हणाल्या. "रिटायर झाले तरी हे जातात. हे गेले की मी कपाट उघडते. बॅटला कुंकू लावते, अक्षता घालते. ज्याची जी हत्यारं, त्यांची पूजा नको का व्हायला? मशीनने पगार दिला, ते खरंय. पण घरी दमून आल्यावर यांचा चेहरा उजळायचा तो या कपाटापुढे. ते मीच बघितलंय ना."

"मग त्यांना सांगत का नाही?"

"वेडी आहेस का? एकदा कौतुक केलं की दुसरं कपाट येईल."

बॅटमागे घातलेल्या अक्षता घरंगळून खालच्या पॅडमध्ये जात होत्या, दर वर्षी मूठभर. अक्षता केरात टाकायच्या नसतात, म्हणून काकूंनी त्या कधी काढल्या नाहीत. सोंड्यांना घरबसल्या शिधा मिळत होता. आमच्या रिपोर्टात सोर्स नावाचा रकाना असतो, म्हणजे कीड कुठून आली ते लिहायचं. तो रिकामा ठेवता येत नाही. मी नुसतं 'धान्य' लिहिलं असतं, तर क्वालिटी कंट्रोलवाल्या माणसाने सही केली नसती. हे सगळं मी काकूंना सांगितलं. काय करायचं ते त्यांनी ठरवायचं होतं.

त्यांनी जुडग्यावर पदर पुन्हा ओढला. मग तरातरा बाहेर गेल्या आणि कपाटाकडे बघत म्हणाल्या, "उंदीर नाही. मी आहे. खंडेनवमीची पूजा करते मी तुमच्या या अडगळीची. आणि आत्ताच सांगते, दुसरं कपाट येणार नाही."

 काका उठले, स्क्रूड्रायव्हर आणला आणि स्टँडचे चारही स्क्रू काढले. बॅट त्यांनी दोन्ही हातांनी उचलून उलटी केली.

पाठीवर कुंकवाची बोटं होती. आडवीतिडवी, एकावर एक, जुनी काळपट पडलेली, अलीकडची लाल. काकांनी ती मोजायला सुरुवात केली आणि मध्येच सोडून दिलं.

"वाकडी लागलीत," ते म्हणाले.

"मागे हात घालून चाचपडत लावते. दिसतंय कुठे?"

"मग पुढून लावायचंस."

"पुढे सह्या आहेत ना," काकू म्हणाल्या.

काकांनी बॅट टेबलावर ठेवली आणि चष्मा पुसायला घेतला. बराच वेळ पुसला. भोईर उगाचच मशीनचा पाइप गुंडाळू लागले. मी रिपोर्ट भरला. किडा: सोंड्या. सोर्स: अक्षता. ट्रीटमेंट: पॅड उन्हात वाळवणे, शोकेस व्हॅक्यूम करणे, पुढे कच्चा तांदूळ आत न ठेवणे. औषधाचा एक थेंबसुद्धा वापरावा लागला नाही. दोघांनीही सही केली, आधी काकूंनी. शोकेस देव्हाऱ्याच्या शेजारी उभं राहून कोपरीला गेलं.

मी या प्रकरणातून दोन गोष्टी शिकले. भुशाचा रंग आधी बघायचा आणि आपली डिग्री नंतर काढायची. आणि प्रत्येक घरात विचारायचं की पूजा कुठे कुठे करता. लोक देवघर दाखवतात. थोडं थांबलं की शिलाई मशीन, स्कूटर, तबला असं एकेक बाहेर येतं.

दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी काकूंचा फोन आला.

"अगं, यंदा हे फॅक्टरीत गेलेच नाहीत. दोघांनी मिळून पूजा केली. तू सांगितलंस म्हणून मूठभर घातल्या नाहीत, बाराच दाणे घातले. सहीला एक. बाराव्यालापण, त्याचं अक्षर किती छान आहे. आज मोजून काढले."

"छान केलंत, काकू."

"अकराच निघाले."

"एका दाण्याने काही होत नाही."

मागून काकांचा आवाज आला. "तिला सांग, रूट कॉज सापडल्याशिवाय मी केस क्लोज करणार नाही."

मी भोईरांना घेऊन गेले. दाणा ग्लोव्हच्या अंगठ्यात होता. ती व्हिजिट मी फ्री सर्व्हिस म्हणून दाखवली, आणि रिपोर्टात काय सापडलं त्या रकान्यात लिहिलं: राखीव खेळाडू, एक. हा नक्की कुठला किडा, असं गद्रे सर अजून विचारतात.