दंतमंजनानं उजळलेला अर्धा डॉलर

माझी धाकटी बहीण यमुना आणि तिचे यजमान विलासराव जर्मनीतल्या नेकारसुल्म गावातच म्हातारे झाले. विलासराव गाड्यांच्या कारखान्यातून रिटायर झाले आणि अमेरिकेच्या जुन्या नाण्यांच्या नादी लागले. राहायचं जर्मनीत आणि जीव टाकायचा अमेरिकेवर! मी म्हणायचे, "नांदायचं एका घरी नि गोडवे दुसऱ्या घरचे."

रविवारी त्यांच्या फेराइनात, म्हणजे मंडळात, नाणीवाले म्हातारे जमायचे आणि कुठला जमाना भारी यावर भांडायचे. कुणाला चांदीचे जाडजूड मॉर्गन डॉलर प्यारे, कुणाला आदिवासी सरदार आणि गव्याचं नाणं. विलासरावांचा जमाना एकोणीसशे सोळा ते सत्तेचाळीस. त्यातल्या अर्ध्या डॉलरवर एक बाई अंगाला झेंडा लपेटून उगवत्या सूर्याकडे चाललेली असते. मला म्हणाले, "अक्का, इकडे आपल्याला स्वातंत्र्य मिळालं आणि तिकडे हे नाणं बंद होऊन हिचं चालणं थांबलं."

त्यांच्याकडचा तो अर्धा डॉलर यमुनेनंच आणलेला, हाइलब्रॉनच्या जुन्या बाजारातून, घासाघीस करून भाव पाडून. काळपट, कडेला निळसर. विलासराव त्याला नुसतं कडेनं धरायचे, तान्ह्या बाळासारखं.

मागच्या वर्षी यमुनेचा आजार बळावला. केमोनं बोटं बधिर झालेली. लक्ष्मीपूजनाच्या दिवशी विलासराव तिचे रिपोर्ट आणायला गेले आणि हिनं पूजेची चांदी काढली. तबक, निरांजन घासलं, आणि त्यांना खूश करावं म्हणून ते नाणंही दंतमंजनानं घासून लख्ख केलं. संध्याकाळी मी दोन गल्ल्यांपलीकडच्या माझ्या घरून फराळ घेऊन पोचते तोच विलासराव आले. देवापुढचं नाणं त्यांनी पाहिलं.

"कसं झालंय?" यमुनेनं विचारलं.

"चांदण्यासारखं," म्हणाले. "आणि रिपोर्टही ठीक आहेत." मग बाथरूममध्ये गेले, नळ सोडला, ते बराच वेळ बाहेरच येईनात.

नंतर स्वयंपाकघरात मला म्हणाले, "अक्का, जुनं नाणं घासायचं नसतं. मुरलेला रंग गेला की फक्त ओरखडे उरतात. पण हिला कळता कामा नये."

नोव्हेंबरात फेराइनाचं प्रदर्शन होतं. यमुना हट्टाला पेटली, माझं नाणं मांडलेलं बघायचंय म्हणून. काय करणार, चाकाच्या खुर्चीतून नेली. टेबलावर सगळी नाणी काळपट, मधोमध आमचं तेवढं चमकतंय.

"अहो, ह्यांच्या घरी घासायला कुणी नाही वाटतं," यमुना हसली.

तेवढ्यात अध्यक्ष केसलर आले. भिंग लावलं आणि जर्मनमध्ये ओरडलेच, "कुणी घासलं हे?"

"मी," विलासराव म्हणाले. "मीच घासलं."

"इतकी वर्षं जमवताय आणि एवढी अक्कल नाही?"

दोघंतिघं हसले. केसलरनी नाणं उचलून विलासरावांच्या हातात ठेवलं. विलासराव मान खाली घालून उभे.

पण यमुनेनं वीस वर्षं इथल्या बेकरीत पाव विकलेला. तिला शब्द न् शब्द कळला. तिला खुर्चीतून गाडीत बसवली. मग म्हणाली, "अहो, त्या दिवशी बाथरूममध्ये नळ सोडून रडत होतात ना? मला वाटलं, माझ्या रिपोर्टात काही वाईट आलं. नाण्यासाठी होय!" आणि हसत सुटली, खोकला येईपर्यंत.

विलासरावांनी गाडी कडेला घेतली. "दोन्हीसाठी, यमुना," म्हणाले.

तिनं त्यांचा हात हातात घेतला. मागच्या सीटवर मी खिडकीबाहेर बघत राहिले.

पौषात यमुना गेली. केसलर भेटायला आले. बिचारे खाली बघून म्हणाले, "नाणं उघड्यावर ठेवा, हळूहळू रंग परत चढतो. वर्षं लागतील, पण चढतो."

विलासरावांनी ते घट्ट झाकणाच्या डबीत बंद केलं. "तिचा हात फिरलाय त्याच्यावर," म्हणाले. "काळं नाही पडू द्यायचं."

 मी चहा दिला, तो गार होईपर्यंत दोघं तसेच बसले होते.