व्याह्यांच्या बैलाचे वरचे दात

माझ्या मुलीला आलेलं स्थळ सगळ्या बाजूंनी चांगलं होतं, त्यामुळे मला पहिल्या दिवसापासून त्याचा संशय होता.

मुलगा कृषी अधिकारी, निर्व्यसनी, मीनलला पसंत. पण त्याचे वडील दिनकरराव सिनेमाचे निर्माते! तीस वर्षं मुंबईत एकामागून एक चित्रपट काढले, बहुतेक चालले, आणि आता मारेगावच्या घरी बसून पुढचा जुळवत होते. तीस वर्षं सिनेमात, आणि बायको एकच? (माझं नेरला कापडाचं दुकान आहे. ज्या कापडात दोष सापडत नाही, ते मी दोनदा उलटून पाहतो.)

आमच्याकडे साक्षगंधाआधी, म्हणजे साखरपुड्याआधी, मुलाच्या गावी गुपचूप चौकशी करायची रीत आहे. बायकोनं निघताना बजावलं, "ओळख दाखवू नका. पोरगी पयल्यांदाच कोणाले हो म्हणून राह्यली. तुमच्या पायी मोडलं, तर मले तोंड दाखवू नका."

म्हणून मी बैलजोडी घ्यायला निघालेला शेतकरी झालो. डोक्याला दुपट्टा बांधला, इस्त्रीचा शर्ट मुद्दाम चुरगाळला आणि मारेगावच्या सलूनमध्ये जाऊन बसलो. बैलांवरून बोलणं सफाईनं दिनकररावांवर नेलं.

सलूनवाला सुरूच झाला. पहिला चित्रपट त्यांनी स्वतः गावोगाव फिरून दाखवला. शूटिंगला आजही लाइटवाल्यांच्या पंगतीत जेवतात. दारू नाही, भांडण नाही, केसांना कलपसुद्धा नाही! एकेका गुणासरशी माझा संशय वाढत गेला. कलपसुद्धा नाही? याला नक्की पढवून ठेवलं असणार!

"बायका किती हो त्याईले?" मी सहज विचारलं.

शेजारच्या खुर्चीत डोळ्यांपर्यंत साबणाचा फेस लावलेले एक गृहस्थ होते. ते उठले. "बैल पाह्यले आले ना जी? माह्याकडे हाय जोडी. चला." आणि फेसासकट, गळ्यात टॉवेल तसाच ठेवून, मला शेजारच्या गोठ्यात घेऊन गेले.

बैल घेणारा दात पाहतो, एवढं मी ऐकून होतो. ऐटीत बैलाचा वरचा ओठ उचलला. समोर एकही दात नाही! सापडली लबाडी!

"वरचे दात पडले याचे सारे! म्हातारा बैल गळ्यात मारून राह्यले काय मले?"

गृहस्थांनी माझ्या हातातून बैलाचा ओठ सोडवला. मग म्हणाले, "वरचे समोरचे दात कोन्याच बैलाले नसते जी. तुमी मीनलचे बाबा ना?"

त्यांनी टॉवेलनं तोंड पुसलं. फेसाखालून स्थळाच्या फोटोत पाहिलेले दिनकरराव निघाले! डोळ्यांपुढे मीनल आली, तिच्यामागे तिची आई. "तुम्ही ओळखलं कसं?" एवढंच कसंबसं विचारलं.

"बैल घेनारा मानूस मालकाच्या बायका मोजत नाही. पोरीचा बाप मोजते."

मी हात जोडले. चूक माझी, पोरीला काही ठाऊक नाही, सोयरीक मोडू नका, असं सगळं एका दमात बोलून टाकलं. त्यांनी माझे हात खाली केले.

"सोयरीक पक्की समजा. तीस वर्षं नट पाह्यले मी. इतकी खराब अॅक्टिंग करनाऱ्याले खोटं बोलनं जमतच नाही. मले अशाच घरची सून पायजे."

लग्न झालं. व्याह्यांनी कौतुकानं नव्या चित्रपटात मलाही काम दिलं: प्रेताचं! तेवढा एक प्रसंग दुपारभर चालला. कॅमेरा खरंच सुरू आहे की नाही, हे दर वेळी मी एक डोळा उघडून पाहत होतो.