त्याला पुरते, मला पुरत नाही

उन्हं कलली की मला जांभया यायच्या. मग नाक गळायचं, पिंडऱ्या वळायच्या, आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, चोराकडं बघावं तसे माझ्याकडं बघायचे.

ट्रक चालवून कंबर धरायची म्हणून मी दुखण्याच्या कॅप्सूल खायला लागलो आणि त्यांतच अडकलो. गल्लीतला एक ड्रायव्हर दोस्तही त्याच वाटेनं गेलेला. उमरग्याच्या डॉक्टरांनी दोघांनाही ते व्यसन सुटावं म्हणून एकच गोळी दिली, रोज सकाळी जिभेखाली ठेवायची. माझ्या गोळ्या अण्णांच्या खिशात असायच्या. गोळी विरघळेपर्यंत ते समोर बसायचे आणि मग तोंड उघडून दाखवायला लावायचे. दोन लेकरांचा बाप मी, आ करून बसायचो.

दोस्ताला ती गोळी दुसऱ्या सकाळपर्यंत पुरायची. संध्याकाळी तो आमच्या मुरुम गावच्या चौकात मजेत भजी खाताना दिसायचा. माझी दुपारीच उतरायची.

"त्याला पुरतीय, मग तुलाच कशी पुरंना?" अण्णा म्हणायचे. "बाहिरून चोरून खातूस तू. ते उतरलं की असं हुतंय."

"न्हाय खात, अण्णा."

"उचल मग बेलभंडारा."

उचलला. देवीसमोर खरं तेच बोललो. आमच्याकडं त्यापुढं बोलायचं काही उरत नाही. पण दुसऱ्या दिवशी पुन्हा जांभया, पुन्हा नाक. आता मी नुसता नशेडी राहिलो नाही, देवीची खोटी शपथ घेणारा झालो. अण्णा दुपारपासून खोलीला बाहेरून कडी लावू लागले.

आत मला रडू यायचं ते संतापानं. खोटा असतो तर कबूल करून मोकळा तरी झालो असतो. न केलेलं कबूल कसं करायचं?

पुढच्या खेपेला अण्णांनी डॉक्टरांकडं माझी तक्रार केली. डॉक्टरांनी उलट त्यांनाच विचारलं, "घरात आणखी कुणाला औषध लवकर उतरतं का?" म्हणाले, औषध जिरायचा वेग प्रत्येक शरीराचा वेगळा, आणि काही अंशी तो आईबापाकडून येतो. खात्रीची तपासणी इथं होत नाही. उद्यापासून गोळी वाढवून, दोन वेळा देऊन बघू.

 परतताना एसटीत अण्णा खिडकीकडं बघत बोलले.

"माझं हर्नियाचं आपरेशन झालं तवा दुखण्याची सुई लगीच उतरायची. लई वरडायचो. नर्स म्हनायची, नाटकं करतोय. तुझी आय बी तसंच म्हनली." मग म्हणाले, "म्या पुन्हा कुनाला सांगितलंच न्हाय."

मला बरं वाटायला हवं होतं. वाटलं नाही. कॅप्सूल एक वेळ सुटतील, बापाकडून आलेलं अंग कुठं सोडायचं? आणि दोन वेळची गोळी तरी पुरेल, असं डॉक्टरही म्हणाले नव्हते.

घरी पोचेस्तोवर उन्हं कलली आणि जांभई आलीच. मी सवयीनं मुकाट्यानं खोलीत गेलो. अण्णा मागोमाग आले. या खेपेला कडी त्यांनी आतून लावली, आणि माझ्या पिंडऱ्या चेपत बसले.