ओल्या फडक्यातला सेन्सर

माझ्या वडिलांना, आबांना, अर्धांगवायू झाला, त्यानंतरच्या उन्हाळ्यात मी त्यांच्या खाटेसाठी पंखा बनवला. पिंप्राळ्यात आमच्याकडे दुपारी लाइट गेली की कधी येईल सांगता येत नाही. आबांची वाचा गेलेली, त्यामुळे उकडतंय एवढंही त्यांना बोलता यायचं नाही. मी तेव्हा नशिराबादकडे कारखान्यात. माय त्यांच्या अंगावर ओली चादर टाकायची आणि शेजारी बसून सुपाने वारा घालायची. घालून घालून तिचा खांदा वर उचलेना.

मी फिजिक्सचा बीएस्सी. आमच्या घरात कॉलेजची पायरी चढलेला पहिला, आणि हे सांगायला मला संकोच वाटत नाही. जुन्या यूपीएसची बॅटरी, बारा व्होल्टचा डीसी पंखा आणि तापमान ओळखणारा मसुराएवढा सेन्सर. मधलं सर्किट मीच सोल्डर केलं. लाइट गेली की पंखा आपोआप बॅटरीवर सुरू व्हायचा. खोली तापली की पंखा जोरात, निवली की मंद. सेन्सर लांब वायरने खाटेच्या उशाशी बांधला.

शेजारचे नाना बघायला आले.

"बीएस्सी करून पंखा बनवला? बाजारात तयार भेटतो."

"तो एकसारखा फिरतो, नाना. बॅटरी दुपारभर पुरत नाही. हा उकडेल तेवढाच पळतो."

"मग आपल्यापेक्षा शहाणा. आपण उकडलं की लोळतो."

आबा एका बाजूने हसले. दुसरी बाजू हसत नव्हती.

एकदा मी भर दुपारी घरी आलो. लाइट नव्हती, खोलीची भट्टी झालेली, आणि पंखा रमतगमत फिरत होता. आबांच्या अंगावरची चादर वाळून कडक झालेली. कपाळ तापलेलं. त्यांची नजर पंख्यावर होती. मी आधी चादर भिजवली, मग बॅटरी पाहिली. ती ठीक होती. वायर धरून उशाशी गेलो, तर सेन्सरला ओलं फडकं गुंडाळलेलं. माठाला गुंडाळतो तसं, वरून दोरा बांधून. म्हणून सेन्सरला ती खोली थंडच वाटत होती.

"हे कुणी बांधलं?"

"मी," माय म्हणाली. ती धुळ्याकडची, घरात अजून अहिराणीच बोलते. "त्याले बी ऊन लागस ना. बठ्ठास्ले लागस." ऊन सगळ्यांनाच लागतं, असं तिचं म्हणणं.

मला राग आला नाही. त्या वर्षी मला कशाचंच काही वाटत नव्हतं. मी फडकं सोडलं आणि नको बांधू म्हणालो. दुसऱ्या दिवशी ते पुन्हा बांधलेलं होतं.

मग मी फडकं राहू दिलं आणि सर्किटचा स्क्रू फिरवला. फडकं ओलं असताना पंखा मध्यम फिरेल, वाळत आलं की पूर्ण जोरात, असं बसवलं. फडकं वाळायचं तेव्हा चादरही वाळत आलेली असायची. पंख्याचा आवाज स्वयंपाकघरात जायचा.

"तो असा ओरडला की दोन्ही भिजवायचं," मी मायला सांगितलं.

"म्हंजे तो पानी मांगस."

"हो."

तो उन्हाळा तसा निघाला. पुढच्या वर्षी आखाजीच्या, म्हणजे अक्षय्य तृतीयेच्या तोंडावर आबा गेले. पहाटे गेले, गारव्यात. लाइट नव्हती, पंखा जेमतेम फिरत होता. लोक आले. मी सगळ्यांना पाणी दिलं, चहा दिला. पोरगा रडला नाही, असं कुणीतरी ओट्यावर म्हणालं. मी ऐकलं आणि कप गोळा केले.

दिवसपाणी उरकल्यावर एका दुपारी मी घरीच होतो. लाइट गेली. थोड्या वेळाने पंखा जोरात ओरडायला लागला. बॅटरीची वायर काढायची राहून गेली होती. मी उठणार, तेवढ्यात माय स्वयंपाकघरातून तांब्या घेऊन आली. तिने फडक्यावर पाणी ओतलं. चादरीसाठी हात पुढे केला. खाटेवर नुसती सुतळी होती. तिने हात मागे घेतला, पदराला पुसला आणि आत गेली.

पंखा हळूहळू मंद झाला. मी वायर काढली नाही.