पगाराच्या दिवशीची वांगी

पोस्टाच्या खिडकीत बसणाऱ्याला किस्से शोधत फिरावं लागत नाही. ऐंशीच्या सुमारास मी नंदनवनच्या पोस्टात होतो. निराधार बायांना सरकारी मदतीची मनिऑर्डर यायला लागली, तिला सगळे ‘पगार’ म्हणत. तेव्हापासून तर किस्स्यांना तोटाच राहिला नाही.

*

पगाराच्या दिवशी रांग लागायच्या आधी फाटकाशी गंगाबाईची भाजीची टोपली हजर. कालचीच वांगी, आज चार आण्यांनी महाग. मी विचारलं, “काल तर स्वस्त होती?”

“काल या बायाइपाशी पैसे कुठं होते, साहेब?”

*

पोस्टमास्तर पाठक रोज अग्रलेख वाचत. “सरकारनं पैसे वाटले की महागाई वाढणारच,” हे त्यांचं ठाम मत. त्याच आठवड्यात आमचा महागाई भत्ता वाढला. “यानंही वाढेल का?” मी विचारलं.

“छे! हा तर महागाईमुळे मिळाला,” म्हणत त्यांनी पेढे मागवले. पेढे महागले होते.

*

यमुनाबाई विणकराची विधवा. घरचा माग बंद पडलेला. पगारात महिना निघेल की नाही, एवढाच तिला घोर. आमच्या पोस्टमन वासुदेवला तिची दया आली. तो म्हणाला, “बाई, तुमचे पैसे मी उद्या घरी आणून देतो. उद्या भाव उतरन.”

दुसऱ्या दिवशी तो तिच्या गल्लीत शिरला, तर मागोमाग गंगाबाईची टोपली.

*

मग गंगाबाईचाच नवरा वारला. आम्हा सगळ्यांना वाईट वाटलं. यथावकाश तिचाही पगार मंजूर झाला. पहिले पैसे घेऊन ती समोरच्या किराणा दुकानात गेली आणि रिकामी बाटली घेऊन परत आली.

“आजच तेल महाग केलं त्यानं,” ती पायरीवर बसून रडायला लागली. “आमी खावं काय?”

रांगेत कोणी हसलं नाही. यमुनाबाई म्हणाली, “पानी पे वं आधी.”

*

पुढच्या पगाराला गंगाबाईनं भाव वाढवलाच नाही. बाया येत, वांगी दाबून बघत, पुढे जात. दुपारपर्यंत टोपली भरलेलीच. मला राहवेना, मी बाहेर येऊन उभा राहिलो. शेवटी यमुनाबाई आली. तिनं एक वांगं उचललं, देठाशी निरखून पाहिलं.

“घे ना वं,” गंगाबाई काकुळतीनं म्हणाली, “कालच्याच भावानं देऊन राहिली.”

यमुनाबाईनं वांगं हळूच परत टोपलीत ठेवलं.

“पगाराच्या दिवशी स्वस्त? किडकं असन.”