‘व इतर’ खोडणारे आप्पा

तुमच्या विद्यापीठाच्या भूमिपूजनाचा फोटो तुम्ही कधीतरी पाहिला असेल. त्यात कुदळ धरलेल्या पाहुण्यांच्या मागं जी माणसं उभी असतात, त्यांतल्या एकाचं तरी नाव तुम्हाला सांगता येईल का? नाही येणार. मलाही येत नव्हतं. आमच्या अख्ख्या जिल्ह्यात ते ज्याला सांगता येतं असा एकच माणूस आहे. येडशीच्या अलीकडच्या माळावरचं आमचं विद्यापीठ सिमेंटच्या पायावर उभं आहे असं इंजिनिअर लोक म्हणतात, ते म्हणोत बापडे. ते उभं आहे या माणसाच्या हट्टावर. आम्ही त्यांना रेकॉर्डवाले आप्पा म्हणतो.

आप्पा मूळचे लोहाऱ्याकडचे, घरात निम्मं मराठी आणि निम्मं कानडी. जिल्ह्यातल्याच एका तहसील कचेरीत त्यांनी तीस वर्षं अभिलेख कक्ष सांभाळला, म्हणजे जुन्या कागदांची खोली. निवृत्त झाल्यावर माणसं देवदर्शनाला जातात, आप्पा विद्यापीठाच्या ग्रंथालयात कंत्राटी मदतनीस म्हणून आले. त्याच सुमारास आम्ही पाच-सहा विद्यार्थ्यांनी विद्यापीठाच्या इतिहासाचं डिजिटल प्रदर्शन करायला घेतलं होतं. त्यात चार दालनं होती: माळ, बांधकाम, वसतिगृह आणि आंदोलनं. जुने फोटो, आसपासच्या गावांतल्या म्हाताऱ्या माणसांची रेकॉर्डिंगं, पत्रकं, असं सगळं विद्यापीठाच्या संकेतस्थळावर मांडायचं होतं. आंदोलनांचं दालन माझ्याकडं होतं, कारण कळंबच्या बाजारात पत्रकं वाटणाऱ्या बापाची मी मुलगी आणि आमच्या घरात धान्याइतकीच पत्रकं पोत्यात असायची. आप्पांना आमच्यात बसवलं ते निव्वळ कपाटाची किल्ली त्यांच्याकडं होती म्हणून. पहिल्या दिवशी ते कॉम्प्युटरसमोर आले आणि त्यांनी चपला काढून बाजूला ठेवल्या. मी म्हटलं, “आप्पा, हे नुसतं कॉम्प्युटर आहे.” ते म्हणाले, “तुम्हीच दालन म्हणताव ना? मग दालनात चपला घालून जातंय का कुणी?”

त्यानंतर त्यांनी विचारलं की पान नंबर कुठं आहेत. संकेतस्थळाला पान नंबर नसतात हे आम्ही त्यांना आळीपाळीनं समजावलं. त्यांनी सगळं शांतपणे ऐकलं आणि म्हणाले, “नंबर न टाकलेला कागद म्हंजी दावं तुटलेलं वासरू. कुणीबी हाकलून नेतंय.” शेवटी आमच्या प्रदर्शनाच्या प्रत्येक पानाच्या खालच्या कोपऱ्यात नंबर आला. जगात असं दुसरं संकेतस्थळ असेल असं मला वाटत नाही. रोज सकाळी आल्या आल्या ते एकेक पान उघडून बघायचे आणि कानडीत मोजायचे, वंदु, एरडु, मूरु. कानडीत का, तर मराठीत मोजताना मधेच कुणीतरी “आप्पा, चहा?” म्हणतं आणि आकडा सांडतो. कानडीत मोजणाऱ्या माणसाला आमच्या ग्रंथालयात कुणी हटकत नसे. गळ्यात लिंग आणि सदऱ्याच्या आतल्या खिशात पेनड्राइव्ह. अंघोळ केल्याशिवाय ते दोन्हींना हात लावत नसत.

माझ्या दालनावर तर त्यांचा विशेष राग. माझं एक लाडकं पत्रक होतं, वसतिगृहाच्या पाण्यासाठी मुलींनी काढलेलं. ‘उद्या सकाळी दहा वाजता मोर्चा’ असं वर ठळक छापलेलं. आप्पांनी ते उलटसुलट पाहिलं. “कंचा उद्या?” मी पत्रकावरून बोट फिरवलं, तारीख कुठंच नव्हती. “पत्रकवाले लोक लई तापट, पण तारीख टाकत न्हाईत. तुमच्या साऱ्या क्रांत्या उद्याच हायेत बघा, बाई.” मला राग आला होता. जगातल्या यच्चयावत जुलमावर मी चार पानी मजकूर लिहू शकत होते, पण त्या पत्रकाची तारीख शोधायला मला दोन आठवडे लागले. तेव्हापासून मी तारखेशिवाय एक ओळ लिहिलेली नाही.

पण आप्पांचा खरा शत्रू म्हणजे ‘व इतर’. भूमिपूजनाच्या त्या फोटोखाली विद्यापीठानं लिहिलं होतं, ‘मान्यवर व इतर’. आप्पांनी फोटोतली डोकी मोजली. मान्यवर चार निघाले आणि इतर सतरा. “चार मान्यवरांनी कुदळ किती येळ धरली? फोटो होस्तवर. माळ कुणी खणला मग?” त्यांनी फोटोची मोठी प्रत काढली, ती वहीत घातली आणि एसटीनं गावोगाव फिरायला सुरुवात केली. पारावर, दुकानात, लग्नाच्या पंगतीतसुद्धा ते फोटो पुढं करायचे आणि म्हणायचे, “डावीकडनं सांगा.” उजवीकडून सांगितलेलं त्यांना चालत नसे. एका चेहऱ्यानं मात्र त्यांना महिनाभर छळलं, कारण तो चेहरा पाहुण्यांच्या हाराआड गेला होता आणि दिसत होता फक्त खोऱ्याच्या दांड्यावरचा हात. माळाला लागून असलेल्या गावातल्या एका म्हातारीनं फोटो डोळ्यांजवळ नेला आणि म्हणाली, “ह्यो माझ्या दिराचा हात हाय. करंगळी बघ की, कडबा तोडताना गेली.” आप्पांनी वहीत लिहिलं, सतरावं नाव. त्या म्हातारीनं मग रेकॉर्डिंगही दिलं. बांधकामावरच्या गवंड्यांना गावच्या बायांनी दोन उन्हाळे डोक्यावरून पाणी कसं पुरवलं, ते तिनं असं सांगितलं की ऐकताना आपलीच मान अवघडते.

प्रदर्शन पुरं झालं तेव्हा आप्पांनी त्याला कचेरीचा नियम लावला. प्रकरण संपलं की फाईल बांधायची, आणि कायम जपायच्या कागदाला लाल कापड. त्यांनी सगळ्या प्रदर्शनाच्या दोन प्रती दोन पेनड्राइव्हवर करून घेतल्या, एक नवा आणि एक त्यांच्या खिशातला. एक ग्रंथालयाच्या कपाटात ठेवली. दुसरी लाल रुमालात बांधली, सोबत सतरा नावांची ती वहीही घातली, कारण जोडपत्र फाईलपासून तोडायचं नसतं, आणि वर चिठ्ठी लावली: ‘अ वर्ग, कायम’. आम्ही विचारलं, “एक घरी ठेवायची ना, आप्पा?” ते असे दचकले, जणू आम्ही त्यांना चोरी करायला सांगत होतो. “सरकारी दप्तर घरी न्हाय न्यायचं. दुसरी प्रत रेकॉर्ड रूमला जाईल.” आणि ती गेली.

दोन वर्षांनी विद्यापीठाचा रौप्यमहोत्सव आला. नवं संकेतस्थळ करायचं काम बाहेरच्या एका एजन्सीला मिळालं. त्यांनी ‘गौरव दालन’ नावाचं एक चकचकीत पान केलं. त्यात कुलगुरू, मंत्री, हार, फीत आणि कात्री एवढंच होतं, आणि आमची चारही दालनं जुनाट म्हणून मूळ फायलींसकट पुसून टाकली होती. आप्पा त्या एजन्सीच्या तरुणासमोर उभे राहिले आणि शांतपणे म्हणाले, “नाश यादी कुठाय?” त्याला कळेना. आप्पांनी समजावलं की कचेरीत रद्दीचा चिठोरासुद्धा यादी केल्याशिवाय आणि वरिष्ठांची सही घेतल्याशिवाय जाळत नाहीत. तो म्हणाला, “काका, आम्ही काही जाळलं नाही. फक्त डिलीट केलंय.” आप्पा म्हणाले, “व्हय. आग लावणाराबी हेच म्हणतो, फक्त काडी वढली.”

मग कपाट उघडलं. पेनड्राइव्ह होता, पण कुणीतरी स्नेहसंमेलनासाठी तो रिकामा करून त्यात लेझीमची गाणी भरली होती. आम्ही विद्यापीठाच्या रेकॉर्ड रूममध्ये धावलो. तिथं लाल रुमाल नव्हता. आप्पा तीन दिवस एकेक गठ्ठा सोडत आणि बांधत होते. आता कानडीतही मोजत नव्हते. पुन्हा गोळा करावं म्हटलं तर कुणाकडं जायचं? ज्यांनी नावं सांगितली त्यांतली निम्मी माणसं दोन वर्षांत गेली होती. सतरा माणसं पुन्हा ‘व इतर’ होणार होती, आणि या खेपेला कायमची.

चौथ्या दिवशी कुलसचिवांनी आप्पांना बोलावलं. माणूस वाईट नव्हता, घाईत होता. म्हणाला, “समितीला कळवायचं आहे. ‘अभिलेख उपलब्ध नाही’ एवढं लिहून द्या, म्हणजे विषय मिटेल.” आप्पा कागद घेऊन ग्रंथालयात आले, पेन उघडलं आणि बसून राहिले. मग मला म्हणाले, “ह्ये वाक्य म्या एकदा लिवलंय, बाई. नोकरीच्या दुसऱ्या वर्षी. एक बाई यायची, नवऱ्याच्या जमिनीच्या कागदासाठी. दर बाजारच्या दिवशी. मला गठ्ठा घावंना. साहेब म्हणाले लिवून द्या, म्या लिवलं. तिला वाचता येत नव्हतं. तिनं त्यो कागद कपाळाला लावला, तिला वाटलं काम झालं.” त्यांनी पेन बंद केलं. तीस वर्षांची दोरी, रुमाल, नंबर आणि हट्ट कुठून आले ते मला त्या दुपारी कळलं. 

मला एवढंच सुचलं की ज्या माणसानं मला तारखा शिकवल्या, त्यानं स्वतःची नोंद केली नसेल हे शक्य नाही. मी ग्रंथालयाची जावक वही काढली, म्हणजे बाहेर जाणाऱ्या टपालाची. दोन वर्षं मागं गेले. आप्पांचं वळणदार अक्षर, तारीख, वेळ, सगळं जागच्या जागी: ‘लाल रुमाल एक, प्रति, अभिलेख कक्ष,’ आणि पुढं तहसील कचेरीचा पत्ता. आप्पांच्या जुन्या कचेरीचा. तीस वर्षं रेकॉर्ड रूम म्हटलं की हात जो पत्ता लिहायचा, तोच त्यानं लिहिला होता. विद्यापीठाचा इतिहास एसटीत बसून सातबारा आणि फेरफारांच्या मुक्कामाला गेला होता. मी वही त्यांच्यापुढं धरली. आप्पांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा घातला. “आयला,” ते म्हणाले, “हात लई इमानदार निघाला.”

त्याच मार्गाच्या एसटीनं आम्ही गेलो. आता तिथं रेकॉर्ड सांभाळणाऱ्या बाई आप्पांच्याच हाताखाली तयार झालेल्या. त्यांनी आप्पांना खुर्ची दिली, पाणी दिलं, आवक वहीत नोंद बघून “हो, आहे” म्हणाल्या आणि हात पुढं केला. “अर्ज?”

मी म्हटलं, “अहो मॅडम, हे आप्पा आहेत.”

“आप्पांना मी ओळखते. पण ओळख फाईलीला लावता येत नाही. हे आप्पाच सांगायचे.”

मी भडकले. व्यवस्था, लालफीत, सामान्य माणूस, असं माझं सुरूच झालं होतं. आप्पांनी मला हातानं गप्प केलं. त्यांचा चेहरा असा उजळला होता, जणू पोटच्या पोरीनं मेडल आणलंय. त्यांनी टेबलावर बसून सुवाच्य अक्षरात अर्ज लिहिला, कारण लिहिलं, तारीख टाकली, सही केली. बाईंनी अर्ज वाचून एक चूक काढली. आप्पांनी नवा अर्ज लिहिला, आणखी खुशीत. मग ‘अ वर्ग’ लिहिलेल्या मांडणीवरून, कोरड्या कडुलिंबाच्या पाल्यातून, तो लाल रुमाल आला. गाठसुद्धा आप्पांचीच होती.

कचेरीतल्या कॉम्प्युटरवर पेनड्राइव्ह लावताना आप्पांनी चपला काढल्या. बाईंनीही काढल्या. एकेक पान उघडत गेलं, खालच्या कोपऱ्यात नंबर, एकही गळालेला नाही. कारकून, शिपाई, दाखल्यासाठी आलेले लोक, सगळे मागं गोळा झाले. आणि त्या म्हातारीचा आवाज खोलीत घुमला, दोन उन्हाळे पाणी वाहिल्याचा. आप्पा पुन्हा कानडीत मोजत होते, या वेळी मोठ्यानं.

रौप्यमहोत्सवाच्या दिवशी मांडवातल्या मोठ्या पडद्यावर सगळ्यात आधी तो फोटो लागला. त्याच्याखाली डावीकडून एकवीस नावं, मान्यवरांची आणि बाकीच्यांची एकाच आकाराच्या अक्षरात. तो आकाराचा भांडणतंटा माझा, आणि मी तो जिंकला याचा मला अजून अभिमान आहे. पहिल्या रांगेत ती म्हातारी बसली होती. ती काठी टेकत उठली, पडद्यापाशी गेली आणि करंगळी नसलेल्या त्या हातावर तिनं आपला हात ठेवला. सत्काराला उभे राहिलेले पाहुणे थांबले. थांबावंच लागलं. माझ्याशेजारी आप्पा मागच्या सतरा नावांवर बोट नाचवत पुटपुटत होते. “हदिनेळु,” ते म्हणाले. सतरा. भरले.

आता विद्यापीठात लेखी नियम झाला आहे: नाश यादी आणि सही असल्याशिवाय संकेतस्थळावरचं कुठलंही दालन काढायचं नाही. कुलसचिवांनीच तो काढला. आणि प्रत्येक दालनाची एक प्रत बाहेरगावी पाठवायची, आता रीतसर. चुकून नव्हे.

आप्पा हल्ली येत नाहीत. एका डोळ्याचा मोतीबिंदू काढला, पण दुसऱ्या डोळ्याला कमी दिसतं. गावाकडं असतात. दर रविवारी सकाळी त्यांचा फोन येतो. तब्येत, पाऊसपाणी काही नाही, एकच प्रश्न: “उघडतंय का?” मी एकेक पान उघडते आणि नंबर सांगत जाते. मोजणं संपलं की ते शेवटचा आकडा कानडीत म्हणून घेतात. मग विचारतात की कचेरीतल्या बाईंचा काही निरोप आहे का. त्या बाई अजून जुने गठ्ठे सोडून बघतात, कुठं तो जमिनीचा कागद चुकीच्या रुमालात बांधला गेलाय का. अजून सापडलेला नाही. “असू द्या,” आप्पा म्हणतात. “असंल कुठंतरी.” आणि फोन ठेवतात.

म्हणून तुमच्याकडं माझं एक मागणं आहे. तुमच्या घरात, शाळेत, संघटनेच्या कपाटात एक तरी जुना फोटो असेल. तो आजच काढा. ज्याला माणसं ओळखू येतात असं कुणी अजून असेल, तर त्याच्यापुढं धरा आणि विचारा. मागच्या बाजूला पेन्सिलीनं नावं लिहा, डावीकडून, सगळी. तारीख टाका. एक प्रत दुसऱ्या गावी ठेवा. आणि कुठंही ‘व इतर’ छापलेलं दिसलं, तर ते आधी खोडा.