अण्णाच्या बोटांचा तक्ता

या ग्रुपवरच्या भुताखेतांच्या गोष्टी मी हसायला वाचते, हे आधीच कबूल करते. रागावू नका. मी तीस वर्षं टाइपरायटिंग शिकवलं आहे आणि आमच्या धंद्यात शास्त्र एकच — कागदावर चुकीचं अक्षर उमटलं तर चूक बोटाची, मशीनची कधीच नाही. "मॅडम, की आपोआप पडली" असं म्हणणाऱ्या कितीतरी मुलींना मी तोच परिच्छेद दहा-दहा वेळा मारायला लावला आहे. तेव्हा आपोआप काही होतं यावर माझा विश्वास नव्हता, आजही बसत नाही. फक्त ही एक गोष्ट मला कुठेच बसवता येत नाही, म्हणून लिहिते आहे...

माझं मराठी तंजावूरचं. देवनागरी मी हिंदीच्या परीक्षांसाठी शिकले. आई तर मराठी पत्रसुद्धा तमिळ अक्षरांत लिहायची. चुका दिसल्या तर मनातल्या मनात दुरुस्त करून घ्या.

तंजावूरला पश्चिम राजवीथी या रस्त्याच्या मागच्या गल्लीत, राजवाड्यापासून सायकलवर पाच मिनिटांवर, आमची इन्स्टिट्यूट होती. वर दोन ओळींत बारा मशिनं, खाली आम्ही तिघं राहत होतो — आई, माझा मोठा भाऊ मोहन आणि मी. मोहनला घरीदारी सगळे अण्णाच म्हणत. टायपिंगच्या लोअर-हायर परीक्षांना आजूबाजूच्या गावांतून मुलं येत ती त्याच्या नावावर येत. डोळे मिटून, कुणाशी तरी गप्पा मारत, तो पानंच्या पानं बिनचूक मारायचा. मी त्याची शिष्या आणि नोकर दोन्ही.

नव्वदचं दशक सरत आलं तेव्हा त्याचे पाय आधी गेले. जिना चढता येईना, मग उभंच राहता येईना. मग उजवा हात गेला. मद्रासच्या डॉक्टरांनी सांगितलं की हा नसांचा आजार आहे, औषध नाही, हळूहळू सगळंच जाईल, डोकं मात्र शेवटपर्यंत शाबूत राहील. हे शेवटचं वाक्य ते धीर देण्यासाठी बोलले असावेत. आई पुन्नैनल्लूरच्या मारियम्मन देवीला नवस बोलून आली. खरं सांगायचं तर मला देवाचा राग आला होता.

त्याच सुमाराला टाइपरायटरकडची मुलं कमी होऊ लागली. ज्याला त्याला कंप्युटर हवा होता. आम्हीही एक घेतला आणि तो खाली, अण्णाच्या कॉटजवळ ठेवला. सेल्वम नावाच्या माणसाने तो जोडून दिला. चाळिशीचा, फार कमी बोलणारा माणूस. त्याने सोबत एक सीडी दिली. तिच्यात एक आभासी जग होतं... टेकड्या, झाडं, एक नदी, नदीच्या शेवटी समुद्र. त्यात आपल्या नावाचा एक बाहुला असायचा आणि तो आपण चालवायचा. आज मुलं हसतील असं ओबडधोबड चित्र होतं ते. पण अण्णाने पहिल्या दिवशी त्या बाहुल्याला नदीकाठाने चालताना पाहिलं आणि त्याच्या डोळ्यांत पाणी आलं.

बाहुला चालवायचा तो बाणांच्या कळांनी आणि माऊसने. अण्णाकडे फक्त डावा हात उरला होता. पण त्या प्रोग्राममध्ये सेटिंगचा एक तक्ता होता. डावीकडे कामं, उजवीकडे कळा, हवी ती कळ हव्या त्या कामाला लावा. मी टायपिंगवाली, मला दुसरं काय सुचणार? डाव्या हाताच्या प्रत्येक बोटाची कळ ठरलेली, तीच त्या बोटाला दिली. करंगळीच्या 'ए'ला डावीकडे वळणं, अनामिकेच्या 'एस'ला मागे येणं, मधल्या बोटाच्या 'डी'ला पुढे चालणं, तर्जनीच्या 'एफ'ला उजवीकडे वळणं. अंगठ्याच्या स्पेसबारला उडी. माऊस बंदच केला, कारण उजव्या हाताचा नुसता धक्का लागला तरी पडद्यावरचं आकाश गरकन फिरायचं. सगळं 'अण्णा' या नावाखाली सेव्ह केलं.

मग काय, रोज सकाळी कॉफी झाली की स्वारी फिरायला निघायची. वर बारा मशिनांचा खडखडाट आणि खाली हा समुद्रावर! जेवायला हाक मारली तर म्हणायचा, "थांब गे सुगुणा, परत चालून यायचं आहे की."

एका सकाळी त्याला सुरू करून देताना मी तक्ता उघडला. वेग थोडा कमी करायचा होता. 'डावीकडे वळणं' याच्यासमोरची जागा रिकामी होती. नॉट असाइन्ड. मला वाटलं, मीच सेव्ह करायला विसरले. 'ए' पुन्हा भरला आणि विषय संपवला.

आठवड्याने अण्णाची करंगळी वळेनाशी झाली.

तेव्हा दोन गोष्टींचा संबंध माझ्या मनातही आला नाही, खोटं कशाला सांगू. डावं वळण मी तर्जनीकडे द्यायला निघाले तर म्हणाला, "नक्को, असू दे." मग डावीकडे जायचं असलं की तो उजवीकडून पूर्ण गोल फिरायचा. "मला कोठ घाई आहे?" म्हणायचा. मी हसले आणि वर वर्गात जाऊन रडले.

मग 'एस' रिकामा दिसला. मी भरला. आठवड्याने अनामिका गेली.

आता मात्र तक्ता आणि बोटं यांचा संबंध मला दिसला. तरी मी माझ्या स्वभावाप्रमाणे चूक शोधायला लागले. आईला विचारलं, तिला माऊस धरतासुद्धा येत नव्हता. अण्णाला विचारलं, त्याने नकारार्थी मान हलवली. रात्री कीबोर्ड काढून कपाटात कुलपात ठेवू लागले. सेल्वमला बोलावलं. त्याने व्हायरस तपासला, मग सगळं पुसून प्रोग्राम नव्याने घातला. माझ्या नावाने उघडला तर तक्ता भरलेला. अण्णाचं नाव नव्याने टाकून उघडला... तर 'ए' आणि 'एस'च्या जागा रिकाम्या, आणि आता 'डी'चीसुद्धा.

सेल्वमने तक्ता पुन्हा बंद करून उघडला. मग तमिळमध्ये म्हणाला, "अक्का, हे होऊ शकत नाही. या तक्त्यात कळ बदलता येते, रिकामी करता येत नाही. रिकामी करायची तर आतली फाइल उघडून अक्षर हाताने खोडावं लागतं. ती फाइल तर मी आत्ताच नवी बनवली आहे." ती फाइल कुठे असते, कशी उघडायची, ते त्याने मला दाखवलं. पैसे न घेता गेला आणि पुन्हा बोलावलं तेव्हा आला नाही.

मधलं बोट गेलं. मी उडीऐवजी पुढे चालणं अंगठ्याकडे, स्पेसबारवर दिलं. आता तक्त्यात दोनच नोंदी उरल्या — तर्जनीने उजवीकडे वळायचं, अंगठ्याने पुढे जायचं. त्या दोन बोटांवर अण्णा चमचा धरायचा, माझा हात धरायचा, आईच्या गालाला हात लावायचा. त्याचं सगळं जगणं तेवढ्यावर आलं होतं, आणि मी रोज सकाळी देवाचं नाव न घेता तो तक्ता उघडायची.

आणि मग मी जे केलं ते मी आजपर्यंत कुणाला सांगितलेलं नाही.

माझा हिशेब साधा होता. कळ बोटाची असते, हे मी आयुष्यभर शिकवलं. जे कोणी हे करतंय ते तक्त्यात बोट शोधतंय आणि खोडतंय. मग ते बोट तक्त्यात दिसलंच नाही तर? चोर येण्याआधी दागिना आपणच लपवावा, तसं. एका दुपारी अण्णाचा डोळा लागला होता, तेव्हा मी ती फाइल उघडली आणि 'एफ' माझ्या हाताने खोडला. सेव्ह केलं. त्या दिवशी मला इतकं हुशार वाटलं होतं... काय सांगू.

चौथ्या दिवशी तर्जनी गेली. आधीच्या कुठल्याही बोटापेक्षा लवकर.

डॉक्टर म्हणाले, आजाराची चालच अशी. असेल. पण आधीची तीन बोटं कुणी खोडली ते मला माहीत नाही, चौथं कुणी खोडलं ते मला माहीत आहे. तेव्हापासून मी आरशात स्वतःकडे सरळ बघितलेलं नाही.

एक-दोन दिवसांनी अण्णाने मला जवळ बोलावलं. त्याची जीभ जड झाली होती, शब्द सावकाश यायचे. बाहुला समुद्रात शिरून तळाशी एका खडकाला अडकला होता. वळता येत नव्हतं, नुसते पाय हलत होते.

"सुगुणा, एकच राह्यलं, नाही?"

"काय एकच?"

"अंगठा. त्या तक्त्यात." तो थांबला, श्वास घेतला. "ते पण काढ. तूच काढ. एफ काढलीस तसं."

"तुला कसं कळलं?"

"मी जागा होतों की. अस्क पाह्यलों, सगळं."

"मी तुला वाचवायला केलं रे अण्णा..."

"माहीत आहे मला." त्याच्या चेहऱ्यावर राग नव्हता. असता तर बरं झालं असतं. "आता पोदुम. फार झालं. काढून टाक, म्हणजे संपेल."

मी नाही म्हटलं. ओरडूनच म्हटलं, आई स्वयंपाकघरातून धावत आली. मी कंप्युटरची वायर उपटली, सीडीचे कात्रीने तुकडे केले आणि त्याच आठवड्यात ते सगळं धूड कुंभकोणमच्या एका दुकानदाराला देऊन टाकलं, डिस्क पुसून. तक्ता राहिलाच नाही तर पुढचं खोडणार कोण, असं मला वाटलं. आणि बघा, अंगठा खरंच राहिला!

अकरा महिने राहिला. वाचा गेली, मान गेली, गिळणं गेलं, नाकातून नळी आली. अंगठा मात्र जसाच्या तसा. डॉक्टर दरवेळी तो हलवून बघायचे आणि सोडून द्यायचे. एकदा दाबलं तर हो, दोनदा तर नाही, असं आम्ही ठरवलं होतं. कूस बदलू? हो. पंखा लावू? नाही. पण रोज सकाळी, मी काही विचारायच्या आधीच, तो माझ्या तळहातावर अंगठा ठेवून दाबून धरायचा. बाहुल्याला चालवताना स्पेसबार धरायचा तसा, लांब. तो काय मागतोय ते मला कळायचं. मी रोज म्हणायची, "नक्को अण्णा." आई विचारायची, काय म्हणतो तो? मी सांगायची, कॉफीचा वास आला म्हणतो.

शेवटचा दिवस सकाळचाच. वर हायरची बॅच चालू होती. त्याचा श्वास अडकत होता, छातीतून जो आवाज येत होता तो मी इथे लिहिणार नाही. डॉक्टर बघून गेले होते, म्हणाले होते की दोन दिवस लागतील, कदाचित चार. आई देवासमोर बसली होती. अण्णाचे डोळे माझ्यावर होते आणि अंगठा माझ्या तळहातात रुतला होता, सोडतच नव्हता.

माझ्याकडे ना कंप्युटर होता, ना सीडी, ना फाइल. देण्यासारखं काहीच नव्हतं. म्हणून मी खोटं बोलले. त्याच्या कानाशी वाकले आणि म्हटलं, "काढटलों रे अण्णा. अत्ताच काढून टाकटलों. काही राह्यलं नाही आता."

अंगठा सुटला.

तत्क्षणी. दोरी कापावी तसा तळहातावरून घसरला आणि पुन्हा हलला नाही. त्यानंतर त्याने मोजून तीन श्वास घेतले, शांत, आवाजाशिवाय. आई वळून आली तोवर संपलं होतं.

लोक म्हणाले, सुटला बिचारा. डॉक्टर म्हणाले, त्याला कुणीतरी जा म्हणायला हवं होतं, असं कधीकधी होतं. सेल्वम कुठे गेला ते कळलं नाही. पुढे मी कंप्युटरही शिकवला, शेकडो प्रोग्रामांची सेटिंगं उघडली. काही सापडलं नाही. आजारात बोटं एकेक करून जातातच, आणि फाइली बिघडतातच, हे दोन्ही मी स्वतःला नीट समजावून सांगू शकते.

समजावता येत नाही ते एवढंच — नुसतं म्हणणं पुरेसं होतं, तर मी ते अकरा महिने का म्हटलं नाही? तीनशेहून जास्त सकाळी तो विचारत होता आणि मी नाही म्हणत होते. कारण मला अजून कळलेलं नाही. कळावं असंही आता वाटत नाही, कारण जे काही निघेल त्यात माझा हात असणारच.